तासगावच्या द्राक्ष बागायतदार दादांना उत्तर: इंजिनाला उशीर का झाला आणि आता धूर का येतोय

नमस्कार दादा. तुम्ही आमच्या गॅरेजला एक स्टार देऊन लिहिलंय की जुन्या 22 एचपी फोर व्हील ट्रॅक्टरचं इंजिन काम आठ दिवसांत देतो असं सांगून आम्ही चाळीस दिवस लावले, ऐन ऑक्टोबर छाटणीत तुम्हाला फवारणीसाठी भाड्याचा ब्लोअर बघावा लागला, आता परत निळसर धूर येतोय आणि फोर व्हील टाकलं की पुढून कडकड वाजतंय.

चाळीस दिवस लागले हे खरं आहे. पोंगा (वेलीची नवी कोवळी फूट) फुटलेला, वरून पाऊस, डावणी रोगाची धास्ती, आणि तुमचा ट्रॅक्टर आमच्या शेडमध्ये उघडा पडलेला. आमची स्वतःची दीड एकर बाग आहे, त्या दिवसांत एक फवारणी चुकली तर काय होतं ते मला ठाऊक आहे. पार्ट मिळत नाही हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं आणि तुम्हाला फोन केला बाराव्या दिवशी. ही आमची चूक. मनापासून माफी मागतो.

पिस्टन, रिंगा, लायनर, हेड गॅस्केट सांगलीत दोन दिवसांत मिळालं. अडलं ते क्रँकच्या बेअरिंगला. दोन नंबरच्या जर्नलवरचा (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ओरखडा तुमच्याच नखाला अडकला होता, आठवत असेल. कोल्हापूरला उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगला दिला. 0.25 मिमीमध्ये डाग निघाला नाही, 0.50 मिमीपर्यंत जावं लागलं. क्रँक घासला की त्या मापाचं जाड बेअरिंग लागतं. मोठ्या टू व्हील ट्रॅक्टरचं त्या साइजचं बेअरिंग तालुक्याच्या दुकानातही मिळून जातं. तुमचं मॉडेल बंद झालंय. नऊ फुटी ओळीत मंडपाखालून जाणारे हे छोटे ट्रॅक्टर आहेतच थोडे, त्यामुळे दुकानदार प्रत्येक साइजचा माल भरून ठेवत नाही. क्रँक घासायच्या आधी बेअरिंग मिळतंय का हे मी बघायला हवं होतं. आता बेअरिंग हातात आल्याशिवाय जुन्या मॉडेलचा क्रँक आम्ही घासायला देत नाही.

मधल्या काळात एका मिस्त्रीने सुचवलं होतं, बेअरिंगच्या मागे पत्र्याची शिम (पातळ पट्टी) घाला, कॅप आवळा, संध्याकाळी गाडी बाहेर. मी नाही म्हटलं. शिम घातली की बेअरिंगची पाठ कनेक्टिंग रॉडला नीट टेकत नाही, तापलेलं बेअरिंग निवत नाही, आणि शिम सरकली तर तेलाचं भोक बुजतं. तुमचा ट्रॅक्टर ब्लोअर लावून पीटीओवर (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांनी तासन्‌तास चालतो. अशात रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर आला असता तर दुसरा ब्लॉक कुठून आणला असता? त्या नकाराबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

आता धूर. डिसेंबरात तुम्ही गाडी आणली तेव्हा धूर काळा होता आणि एअर क्लीनरच्या वाटीत तेलाच्या जागी चिखल होता. साफ केल्यावर तो गेला. निळसर धूर म्हणजे मात्र तेल जळतंय. नव्या रिंगा लायनरला बसायला पहिले पन्नासेक तास मध्यम लोड लागतो, रिकामं चालवणंही नको आणि पूर्ण ताणणंही नको. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सहा तास ब्लोअर चालवलात, कारण बाग थांबणार नव्हती. ती वेळ तुमच्यावर आमच्या उशिरामुळे आली. म्हणून ‘रनिंग नीट केलं नाही’ असं सांगून मी हात झटकणार नाही.

पुढच्या आवाजाचं तसं नाही. त्या ॲक्सलला आम्ही हात लावलेला नाही. फोर व्हील टाकलं की पुढची मागची चाकं गिअरने एकत्र बांधली जातात, आणि पुढचं चाक मागच्यापेक्षा किंचित, शेकडा एक ते पाच, जास्त ओढेल असा हिशोब कंपनीने टायरच्या मापावर बसवलेला असतो. तुम्ही गेल्या वर्षी पुढे वेगळ्या मापाचे टायर घातलेत. रानात चाक घसरून ताण सुटतो. डांबरीवर सुटत नाही, तो पुढच्या ॲक्सलमधल्या बेव्हल गिअरवर जातो. पुढच्या मागच्या टायरला खडूने खूण करा. सपाट कच्च्या रस्त्यावर फोर व्हील काढून मागच्या चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि पुढचं किती फिरलं ते मोजा, मग फोर व्हील टाकून तसंच मोजा. फोर व्हीलमध्ये पुढचं चाक किंचित जास्त फिरायला हवं. कमी किंवा फारच जास्त फिरलं तर टायर चुकलेत. तोवर डांबरीवर फोर व्हील टाकू नका.

माल उतरला की एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधी गाडी आणा. कॉम्प्रेशन तपासू, गरज पडली तर हेड तुमच्यासमोर उतरवू. रिंगा गेल्या असतील तर रिंगा आणि मजुरी दोन्ही आमच्याकडे. सेट आजच मागवून ठेवलाय, परत पार्टसाठी थांबायला नको. टायरचा खर्च तुमचा राहील, हे आधीच सांगतो. तोवर रोज सकाळी डिपस्टिक बघा, किती ऑइल घालावं लागलं ते लिहून ठेवा, आणि धूर फक्त पहिल्या स्टार्टला येतो की लोडवर वाढत जातो तेही बघा. रिंगा गेल्यात की व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी), याचा अंदाज त्यावरून येईल.