खवला गळला, सल्ले आले

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. सल्ला मात्र चोवीस तास चालू असतो, आणि त्याचं प्रेशरही उत्तम असतं. त्यात फिश टँकच्या तळाशी नखाच्या कपच्यासारखा सोनेरी तुकडा, म्हणजे गोल्डफिशचा गळलेला खवला, पडलेला दिसला, म्हणजे मग विचारूच नका. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "चिमूटभर हळद टाका." समोरचे अण्णा म्हणतात, "ते जांभळं औषध घाला, विहिरीत टाकतात ते." पेपरवाला पोरगा जाता जाता सांगतो, "मासा अंग घासायलाय बघा की." या तिघांत खरं निदान पोराचं असतं आणि नेमकं त्याचंच कोणी ऐकत नाही.

हळदीचं आधी उरकून टाकतो. कापलेल्या बोटाला हळद लावतात, पण ते बोट त्याच हळदीत पोहत नाही आणि तिथेच श्वासही घेत नाही. मासा दोन्ही करतो. पूड कल्ल्यांत बसते, उरलेली तळाशी कुजते. जांभळं औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. जाणकाराच्या हातात ते चालतं, पण त्याचं माप मिलिग्रॅममध्ये असतं. चिमटीच्या मापाने कल्ले भाजतात.

मुळात खवला गळणं हा आजार नव्हे, जखम आहे. खवला कातडीवर चिकटवलेला नसतो. तो कातडीच्या आतल्या थरात रोवलेला असतो, त्याच्यावर पातळ कातडी आणि तिच्यावर बुळबुळीत थर. त्यामुळे एक खवला गेला की वरची कातडीही फाटते. माशाचं अंग गोड्या पाण्यापेक्षा खारट असल्याने त्या फटीतून पाणी आत घुसू लागतं आणि बिचाऱ्या मूत्रपिंडांना जादा पाळी करावी लागते. शिवाय टँकमधले जंतू मोकळ्या दाराची वाटच बघत असतात. तरी घाबरायचं कारण नाही. एक-दोन खवले गेले, जागा फिकट दिसतेय, मासा खातोय, पोहतोय, तर पाणी स्वच्छ ठेवणं एवढाच उपचार. कातडी काही दिवसांत जुळते, खवला काही आठवड्यांत उगवतो. लाली पसरू लागली, कापसासारखा पुंजका आला किंवा खड्डा पडला, तर मात्र माशांचं कळणारा डॉक्टर गाठावा.

खवला का गळला हे शोधायचं तर टँकमधला प्लास्टिकचा किल्ला हा माझा पहिला संशयित. सोलापूरच्या मध्यावर चांगला दगडी भुईकोट किल्ला उभा असताना माशाला प्लास्टिकचा कशासाठी, हे मला आजवर उमगलेलं नाही. सगळ्या खवल्यांची मोकळी कड शेपटीकडे असते. म्हणून तर मासे विकणारी मावशी रोहूचे खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडते, आणि गोल्डफिश त्याच रोहूच्या कुळातला. आता हे साहेब किल्ल्याच्या दारातून डोकं आत घालतात, आत वळायला जागा नसते, मग मागे सरकत बाहेर येतात. मावशीचं काम दरवाजाची चौकट करून टाकते. काळा मूर, म्हणजे बटाट्यासारख्या डोळ्यांचा मासा, तर दिसत नाही म्हणूनही धडकतो. परीक्षा सोपी आहे: जुना सोलापुरी टॉवेल त्या वस्तूवरून फिरवा. टॉवेलचा दोरा अडकला की वस्तू बाहेर.

टॉवेलचं नाव निघालंच आहे, तर मासा धरायला तो वापरू नका. ज्या फासांमुळे आपलं अंग कोरडं होतं, तेच माशाचा बुळबुळीत थर पुसून नेतात आणि खवलेही ओढतात. खरबरीत जाळीही तशीच. पाण्यातच एक भांडं बुडवायचं, मासा हळूच त्यात वळवायचा आणि पाण्यासकट उचलायचा.

आता पेपरवाल्या पोराचं निरीक्षण. मासा एकदम आडवा होऊन खड्यांवर अंग घासतो आणि पोट चमकवून पुढे जातो. दिवसात एखाद्या वेळी घासलं तर सोडून द्यावं. वारंवार चाललं असेल तर दोनच शक्यता: पाणी बिघडलंय किंवा अंगावर कोणीतरी राहायला आलंय. पाणी आधी तपासावं, कारण बहुतेक वेळा तेच असतं. थेंबांचं टेस्ट किट आणा. अमोनिया (माशाच्या घाणीतून येणारं विष) शून्य, त्यापासून बनणारं नायट्राइट शून्य. 'अगदी किंचित आहे' हे उत्तर चालत नाही. नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आत असावं.

पाहुण्यांपैकी माशाची ऊ डोळ्यांनी दिसते: चपटी, गोल, अंगावर फिरणारी. दुसरा अँकर वर्म, खवल्याखालून बाहेर आलेला बारीक दोरा. दोरा दिसला की ओढायचा हा सोलापूरकराचा स्वभाव, पण टॉवेलचा दोरा ओढल्यावर काय होतं तेही त्यालाच ठाऊक. इथे तर डोकं आत तुटून राहतं आणि जखम चिघळते. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून शेपटीच्या दिशेने सावकाश काढायचा आणि त्या जागी पोव्हिडोन आयोडीनचा कापूस एकदाच टेकवायचा, कल्ले आणि डोळे सोडून. एवढ्याने भागत नाही. पाण्यात पिल्लं पोहत असतात, म्हणून टँकलाही डायफ्लुबेंझुरॉनचं औषध लागतं.

थंडी सरून पाणी तापायला लागलं की आणखी एक कारण सुरू होतं. नर माद्यांच्या मागे लागतात, त्यांना कोपऱ्यात ढकलतात आणि मादीच्या कुशीचे खवले निघतात. नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे बारीक दाणे येतात. ते रोगाचे नव्हेत, नवरदेवाच्या अक्षता समजा. टँकमध्ये भोकांचं पारदर्शक पार्टिशन टाकून दोघांना आठवडाभर वेगळं ठेवलं की वरात थांबते.

एक मात्र वेगळं प्रकरण. वरून बघितल्यावर मासा सीताफळासारखा दिसतोय, सगळे खवले उभे राहिलेत, तर ते खवले गळणं नाही. आत पाणी साठलंय, मूत्रपिंडं थकली आहेत. तिथे घरगुती उपाय करत बसू नये.

पाण्याच्या बाबतीत सोलापूरच्या माशाचं नशीब थोर आहे. उजनीचं पाणी आलं की आपण ड्रम भरून ठेवतो. उघड्या ड्रममध्ये ते दिवसभर राहिलं की क्लोरीन बराचसा उडून जातो, म्हणजे चार दिवसांत प्रश्नच मिटतो. पाणीटंचाईचा लाभार्थी असा हा एकच जीव माझ्या पाहण्यात आहे. फसगत होते ती पाणी येण्याच्या दिवशी. आज भरपूर आहे म्हणून पाइप थेट टँकमध्ये सोडतात. टँकरच्या पाण्यात तर टीसीएल पावडर (क्लोरीनची जंतुनाशक) किती पडलीय ते टाकणाऱ्यालाच माहीत. घाई असेल तर अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, बाटलीवर लिहिलेल्या मापाने बादलीत घालून मगच पाणी ओतावं. जखम असताना दर दिवसाआड चौथाई पाणी बदला. एरवी आठवड्यातून एकदा. आणि दिवाळीची साफसफाई टँकपर्यंत आणू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने अमोनिया खाणारे उपयोगी जंतू मरतात; तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

जखमेतून आत घुसणारं पाणी कमी करायला थोडं मीठ मदत करतं. त्याचं गणित सांगतो, कारण इथे पदवीधर चुकतात. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टँक म्हणजे सुमारे 57 लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा करता 45 धरा. लिटरला 1 ग्रॅम याप्रमाणे 45 ग्रॅम साधं मीठ, वाटीभर टँकच्याच पाण्यात विरघळवून सोडा. बारा तासांनी पुन्हा तेवढंच. 2 ग्रॅम बहुतेकांना पुरतं. 3 च्या वर जाऊ नका. झाडं आधी काढून ठेवा, ती मिठाने मरतात. आता खरी मेख अशी की पाणी उडतं, मीठ उडत नाही. उन्हाने पातळी उतरली तर नुसतं पाणी घाला. 10 लिटर काढून 10 घातलं तर 10 लिटरपुरतंच, म्हणजे 20 ग्रॅम मीठ. दर वेळी पूर्ण डोस टाकणाऱ्यांचा टँक आठ दिवसांत सुक्या बोंबलाच्या बरणीकडे वाटचाल करतो. आठ-दहा दिवसांनी मीठ थांबवा. बदलत्या पाण्याबरोबर ते आपोआप उतरतं.

उरला उन्हाळा. गोल्डफिशला 18 ते 24 अंश मानवतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42-43. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, अमोनिया जास्त जहाल होतो, आणि जखम भरायची त्याच काळात. बर्फाचे तुकडे टाकू नका, पारा एकदम घसरला की मासा आणखी खचतो. हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवा, टँकच्या तोंडावर जाळी बांधून झाकण काढा आणि बाहेरून काचेला ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळून पंखा लावा. माठ गार होतो त्याच न्यायाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. टॉवेलची खरी जागा ही.

नवा खवला जुन्यासारखाच येईल याची हमी नाही. रंग थोडा फिका असू शकतो. पर्लस्केल जातीचा मासा असेल तर मोत्यासारखा फुगीर खवला परत येत नाही, सपाट येतो, आणि मोत्यांच्या ओळीत एक टिकली लावल्यासारखी दिसते. काकूंना ती पहिल्या दिवशीच दिसते. त्यावर मुलतानी माती सुचवली जाते.