टाकी नवी, लाईन सासऱ्यांच्या काळातली

पहाटे साडेतीनला नळ आले. ड्रम सरकवले, नळी लावली, पहिली बादली भरायच्या आत धार तुटली. बाहेर आरडाओरडा. कोपऱ्यावर लाईन फुटलेली, पाणी कमरेएवढं उडत सरळ गटारात चाललेलं. वॉलमनचा फोन बंद! सगळी गल्ली रिकामे हंडे घेऊन उभी, आणि पलीकडच्या आजी त्या खड्ड्यातलं गढूळ पाणी पातेल्यानं उपसतायत. म्हटलं, आजी, त्यात गटार मिसळलंय. तर म्हणे, "भांडा घासाले तरी व्हई!" ऐकून डोकंच फिरलं.

सकाळी नगरपालिकेत गेलो तर साहेब म्हणतात, "ताई, लाईन जुनी आहे, नव्या टाकीचं प्रेशर झेपलं नाही." अहो, मग टाकी जोडायच्या आधी हे कळत नव्हतं? नदीपासून टाकीपर्यंत नवे जाडजूड पाईप, टाकीला रंग, टाकीसमोर हारतुरे. आणि टाकीपासून आमच्या दारापर्यंत तेच अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे, म्हणजे एसी पाईप, वरून भरला ट्रॅक्टर गेला तरी तडकणारे. पाणी बंद असतं तेव्हा लाईन रिकामी होते आणि त्याच तड्यांतून गटार आत ओढलं जातं. म्हणून नळाचं पहिलं पाणी वास मारतं, म्हणून पोरांना जुलाब. त्यावर उपाय काय, तर "उकळून प्या". गॅसचे पैसे कोण देणार?

बरं, चारी खोदली कधी? रस्त्याचं काँक्रीट झाल्यावर. उन्हाळाभर धूळ खाल्ली आणि जोडली काय, तर फक्त मोठी लाईन. घराघरातलं कनेक्शन म्हणे पुढच्या टप्प्यात.

आणि ते टुल्लू पंपवाले! नळ आला की बटण दाबतात, शेजारच्याच्या नळाला नुसती हवा. शिवाय पंपाच्या त्या ओढीनं गटारही लाईनीत शिरतं. सांगायला गेलं की भांडायला उठतात.

कागदावर माणशी रोज १३५ लिटर. इथं आठ-दहा दिवसांनी एकदा नळ, मधे जार विकत घ्या, आणि पाणीपट्टी मात्र पूर्ण वर्षाची. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडतात, तापीचं पाणी डोळ्यांदेखत गुजरातेत उकई धरणाला जातं. नदी उशाला आहे हो आमच्या! कराडजवळच्या मलकापूरनं मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, तेही नगरपंचायत असताना. त्यांना जमतं, आमच्या पालिकेला गल्लीतले पाईप बदलता येत नाहीत?

आता ठरलंय म्हणे, जुनी लाईन फुटू नये म्हणून यापुढे पाणी कमी प्रेशरनं सोडायचं. म्हणजे वरच्या गल्लीला तेवढंही चढणार नाही.