ते 244 कोटी राजवाड्यासाठी नव्हतेच

काल आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, की इंदूर नगर निगमला सरकारकडून 244 कोटी फुकट मिळाले आणि ते सगळे राजवाड्याच्या आसपासच्या रिडेव्हलपमेंटमध्ये घातले. अहो, असं अजिबात नाहीये! ही रक्कम 2023 च्या फेब्रुवारीत काढलेल्या ग्रीन बाँडची आहे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज, 8.25 टक्के व्याजाचं, आणि ते निगमला परत करायचंय, फुकटचं काही नाही. आणि हे पैसे घेतले ते नर्मदाकाठच्या जलूद गावातल्या 60 मेगावॉटच्या सोलर प्लांटसाठी. कारण आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून पंपांनी वर चढवत, घाट ओलांडून शहरात आणावं लागतं, आणि त्या पंपांच्या विजेचं बिल निगमच्या तिजोरीवर भारी पडतं, तेच कमी करायचा हा प्रयत्न आहे. राजवाड्याचं काम स्मार्ट सिटी योजनेतलं, तो हिशोबच वेगळा. रिडेव्हलपमेंटवर प्रश्न जरूर विचारा, मीही विचारते, गल्ल्या खोदून ठेवल्या की आमच्याच आजी-आजोबांचे हाल होतात, पण आकडा तरी बरोबर धरा ना. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी कृपया हेही पाठवा.