शुद्ध धर्माची वसाहत काढताय? मग हे आधी वाचा

तर ठरलं तुमचं. मायदेशात श्रद्धेची गळचेपी चाललीय, बिशप लोक डोक्यावर बसलेत, चर्चमध्ये नुसता झगमगाट वाढलाय आणि खरा धर्म काय तो फक्त तुमच्या घोळक्यालाच कळलाय. छान. गलबतं ठरवा आणि निघा. इंग्लंडच्या प्युरिटन मंडळींनी, म्हणजे चर्च धुऊनपुसून शुद्ध करायला निघालेल्या ख्रिस्ती लोकांनी, १६३० मध्ये हेच केलं, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जाऊन बसले, आणि त्यांचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप प्रवचनात बोलून गेले की आपण म्हणजे डोंगरावरचं नगर, सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर. असं एक वाक्य तुम्हीही तयार ठेवा, पुढे चारशे वर्षं पुढाऱ्यांना भाषणात पुरतं.

मग शिक्का बनवा. ही वसाहत चालवणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या कंपनीच्या शिक्क्यावर एक मूळ रहिवासी उभा केला होता, हातात धनुष्यबाण, आणि त्याच्या तोंडी शब्द काय तर 'इकडे या, आम्हाला मदत करा'. त्याला कुणी विचारलं होतं का, असले प्रश्न काढायचे नाहीत. (याच चर्चच्या पुढच्या पिढ्यांची माणसं १८१३ ला मुंबईत उतरली, आपल्याकडे शाळा आणि छापखाना काढला, ते अमेरिकन मराठी मिशन. त्यांनाही पत्र लिहून कुणी बोलावलं नव्हतं, पण ते असो.) आणि जमिनीचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका. १६३४ मध्ये देवीच्या साथीत तिथली माणसं पटापट गेली तेव्हा विन्थ्रॉपसाहेबांनी पत्रात लिहून टाकलं की आपल्या जमिनीचं टायटल परमेश्वरानेच क्लिअर केलंय. सातबारा थेट वरून, तलाठ्याकडे जायचं काम नाही.

आता मेंबरशिप. इथे ढिलाई केलीत तर वसाहत बुडाली समजा. १६३१ पासून नियम असा की मत फक्त चर्चच्या मेंबर पुरुषांना. आणि मेंबर व्हायचं तर लवकरच अशी पद्धत पडली की सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की माझ्या हृदयात देवाची कृपा नेमकी कशी उतरली. तयारी नीट करा बरं का, कारण फार खात्रीने बोललात तर म्हणणार अहंकारी आहे, आणि चाचरत बोललात तर कृपा उतरलेलीच नाही, म्हणजे खात्री असावी पण खात्रीची थोडी भीतीही वाटत असावी, रडू आलं तर उत्तमच. नापास झालात तरी रविवारी तासन् तास प्रवचनाला बसणं सक्तीचंच, दांडी मारलीत तर पाच शिलिंग दंड. बायकांना मेंबर होता येतं, फक्त मत देता येत नाही.

साधेपणावर फार भर द्या, पण हिशोबाने. १६५१ च्या कायद्यात सोन्याचांदीची लेस, रेशमी हूड वगैरे मिरवायला बंदी आहे, कुणाला? तर ज्यांची मालमत्ता दोनशे पौंडांच्या आत आहे त्यांना. त्याच्यावर असाल तर देव काही मनाला लावून घेत नाही. मॅजिस्ट्रेट आणि त्यांच्या घरच्यांना तर सूटच. ख्रिसमसही बंद करून टाका, १६५९ पासून तिथे ख्रिसमस पाळताना सापडलं की पाच शिलिंग. हो, बरोबर वाचलंत, ख्रिस्ती वसाहतीत ख्रिसमसला दंड.

धंदा करणार असाल तर मात्र रॉबर्ट कीन यांची केस तोंडपाठ करा. बॉस्टनचे मोठे व्यापारी, भक्तीत कुठे कमी नाहीत, प्रवचनाच्या नोट्स वह्याच्या वह्या लिहून काढणारे. १६३९ मध्ये कोर्टाने पकडलं, गुन्हा काय तर नफा जास्त घेतला. दोनशे पौंड दंड ठोकला, नंतर कमी केला, पण एवढ्यावर सुटका नाही, चर्चनेही बोलावून घेतलं आणि बिचाऱ्याने भर सभेत डोळ्यांत पाणी आणून कबूल केलं की होय, माझं मन लोभी आहे. तुम्हाला वाटेल इथे विषय संपला. छे! चौदा वर्षांनी कीनसाहेब मृत्युपत्र लिहायला बसले ते थांबेचनात, १५८ पानं झाली, आणि त्यात वाटणी कमी आणि खुलासेच जास्त, की खिळे मी अमुक पेन्सला विकले तर काय चुकलं, घोड्याचा लगाम होता तो चांगल्यातला होता, आता त्याहून वाईट माल जास्त भावाने विकतात त्यांना कुणी बोलत नाही, बटणांची तर खरेदीच लंडनला महाग पडली होती. मला हा माणूस मनापासून आवडतो. सभेत रडायचं ते रडून घ्या, पण बिलं जपून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाकलायची सोय. तुम्ही स्वातंत्र्यासाठी आलात हे मान्य, पण ते तुमच्या मतांचं. रॉजर विल्यम्स नावाचा एक पाद्री बोलायला लागला की जमीन मूळ लोकांची आहे, राजाची सनद चालणार नाही, आणि देवाशी कुणी कसं वागावं त्यात सरकारने नाक खुपसू नये. १६३५ मध्ये हद्दपारीचा हुकूम निघाला आणि तो ऐन थंडीत बर्फ तुडवत गेला. ज्यांची जमीन म्हणाला होता त्या नॅरॅगॅन्सेट लोकांनीच त्याला जागा दिली, १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स गाव वसलं. त्रासदायक लोकांना हाकललं की ते शेजारीच दुकान टाकतात, एवढा एक तोटा आहे या पद्धतीत.

ॲन हचिन्सन बाईंची केस जरा अवघड गेली. बाई सुईणपण करायच्या, घरी बैठक भरवून रविवारच्या प्रवचनाची चर्चा करायच्या, गर्दी वाढली, पुरुषही यायला लागले, आणि पाद्रीबुवांपैकी कोण बरोबर सांगतोय याची मापं बाई काढायला लागल्या म्हटल्यावर काय होणार. नोव्हेंबर १६३७ मध्ये खटला उभा राहिला. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येक प्रश्नाला बायबलमधलं वचन काढून असं उत्तर दिलं की कोर्टाचीच पंचाईत. दुसऱ्या दिवशी मात्र त्या स्वतःच बोलून गेल्या की देव माझ्याशी थेट बोलतो. झालं! हद्दपारी. मला का काढताय ते तरी सांगा, असं त्यांनी विचारलं, त्यावर विन्थ्रॉपसाहेबांचं उत्तर फ्रेम करून ऑफिसात लावा: आता जास्त बोलू नका, का ते कोर्टाला माहितीये आणि कोर्टाचं समाधान झालंय. यापुढे कुठल्याही अर्जाला हेच उत्तर द्यायचं.

क्वेकर लोकांसाठी (देवाचा प्रकाश प्रत्येकाच्या आतच असतो, मध्ये पाद्री कशाला, असं म्हणणारा ख्रिस्ती पंथ) टप्प्याटप्प्याने जा, आधी पुस्तकं जाळा, मग कान कापा, मग १६५८ सारखा कायदा करा की हद्दपार केलेला परत आला तर फाशी. त्यांची अडचण अशी की ते परत येतातच. मेरी डायर बाईंना १६५९ मध्ये गळ्यात दोर अडकवून मग खाली उतरवलं, तरी पुढच्या वर्षी हजर. १ जून १६६० ला फाशी दिली. शेवटी १६६१ मध्ये इंग्लंडच्या राजानेच पत्र पाठवून सांगितलं की आता पुरे, म्हणजे ज्या राजसत्तेला कंटाळून निघालात तीच तुम्हाला सांगणार की जरा सहिष्णू व्हा. लाज वाटून घेऊ नका.

इतकं करूनही बाहेरचे पाखंडी संपले तर मॅसॅच्युसेट्सच्याच सेलम गावासारखं घरातच शोधा. तिथे १६९२ मध्ये एकोणीस जणांना चेटकीण किंवा चेटक्या ठरवून फासावर चढवलं, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने खटल्याला उभं राहायलाच नकार दिला म्हणून त्याला दगडांखाली दाबून मारलं. तुमच्यावर आरोप आला तर ताबडतोब कबूल करा, हो मी सैतानाशी करार केला, अजून कोण कोण होतं तेही सांगते. कबूल करणारे वाचले, मी निर्दोष आहे म्हणणारे लटकले. सुटलात तरी तुरुंगातल्या जेवणाखाण्याचं आणि पायातल्या बेड्यांचं बिल भरल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत, तेव्हा पैसे जवळ ठेवा. आणि नाव क्लिअर करायचा अर्ज जितका लवकर टाकता येईल तितका टाका, कारण शेवटची दोषी एलिझाबेथ जॉन्सन, तिचं नाव सरकारी कागदावर निर्दोष व्हायला २०२२ उजाडलं, तेही एका शाळेतल्या मुलांनी मागे लागून करून घेतलं म्हणून.