कोविड झाला म्हणून केमो सोडू नका, पण ताप आला तर घरी थांबूही नका

केमो चालू असताना कोविड झाला की नातेवाइकांचा पहिला निर्णय ठरलेला असतो: केमो बंद. आमच्या मते हा निर्णय बऱ्याचदा भीतीपोटी होतो.

मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कोविड झालेल्या कॅन्सर रुग्णांच्या दोन मोठ्या पाहण्या आल्या. एकीत मुख्यतः अमेरिकेतले ९२८ रुग्ण होते, त्यातले १३ टक्के दगावले. ब्रिटनच्या ८०० रुग्णांत हे प्रमाण २८ टक्के. लस नव्हती, आणि नोंद बहुतेक आजारी होऊन दवाखान्यात आलेल्यांचीच, त्यामुळे ते आकडे आज जसेच्या तसे लावू नयेत. महत्त्वाचं हे की वय आणि इतर आजार जमेस धरल्यावर नुकत्याच घेतलेल्या केमोमुळे मृत्यू वाढल्याचं दोन्हीकडे दिसलं नाही. वाढलेलं वय, पुरुष असणं, सोबतचे आजार यांनी धोका वाढवला. अमेरिकेच्या पाहणीत त्यात बळावत चाललेला कॅन्सर आणि खालावलेली तब्येत यांचीही भर पडली.

ब्लड कॅन्सर आणि लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) यांचं गणित मात्र वेगळं. त्यात दिलं जाणारं रिटुक्सिमॅब हे औषध अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीच संपवतं, त्यामुळे पुढचे किमान सहा महिने लसही नीट लागू पडत नाही आणि विषाणू आठवडेच्या आठवडे शरीरात रेंगाळू शकतो. घरातल्या बाकीच्यांनी लस घेणं इथे जास्त कामाचं.

खरी गफलत तापाच्या वेळी होते. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट ताप भरला की घरचे म्हणतात, ‘कोविडच असेल, पॅरासिटामॉल देऊ, उद्या टेस्ट करू.’ गोळीने ताप उतरतो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. हा रुग्ण रात्री दोन वाजता असला तरी लगेच दवाखान्यात न्यायचा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) घेऊन पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून गेलं पाहिजे, आरटीपीसीआरच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. सीबीसीचा रिपोर्ट घरीही वाचता येतो: डब्ल्यूबीसी म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी १,८०० आणि त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल २५ टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल ४५०. हा आकडा ५०० च्या खाली असेल तर तातडीचं प्रकरण.

शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचं स्टेरॉइड तर अजिबात नको. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच झाला. ऑक्सिजन नीट असताना ते घेऊन उपयोग नाही, वर साखर चढते आणि बुरशीला वाट मिळते. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकर (काळी बुरशी) पाहिला आहेच.

आणि केमो पुन्हा कधी? आरटीपीसीआर निगेटिव्ह येईपर्यंत अडून बसणं बहुतेकांच्या बाबतीत निरर्थक, कारण विषाणूचे मृत अवशेष काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवत राहतात. ताप, दम, रक्ताचे आकडे आणि कॅन्सर किती वेगाने वाढतोय हे पाहून डॉक्टर ठरवतील. ब्लड कॅन्सरमध्ये ते जास्त थांबतील, ते बरोबरच.

निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर हे कोविडवरचं गोळ्यांचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं, पण रिटोनाव्हिरमुळे व्हेनेटोक्लॅक्स, इब्रुटिनिब, व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधांची रक्तातली पातळी धोकादायक वाढते. म्हणून पहिली गोळी घेण्याआधी चालू औषधांची पूर्ण यादी, आयुर्वेदिक काढ्यांसकट, कॅन्सरच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप करा.