पिशवीसकट पुरलेलं ताम्हण

आज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन कामगार ट्री-गार्डला हिरवा रंग देत होते. आत गेल्या जूनमध्ये लावलेलं ताम्हणाचं झाड, म्हणजे आता नुसती वाळकी काठी. एकाने ती धरून ओढली तर अलगद हातात आली, आणि खाली नर्सरीतली काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी. तळसुद्धा फाडलेला नाही. उद्या पाच जून, पर्यावरण दिन. त्याच खड्ड्यात, त्याच गार्डमध्ये नवं रोप आणि वर नवी पाटी. संताप झालाय, म्हणून लिहितेय.

पिशवी काढायला लागतं काय, तर एक ब्लेड. उभा काप द्यायचा, तळ कापून काढायचा आणि तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर तेही बोटभर छाटायचं. ते तसंच राहिलं तर मुळं बाहेर पसरत नाहीत, स्वतःभोवतीच फिरत राहतात. झाड काही वर्षं बरं दिसतं आणि मग वळवाच्या एखाद्या वादळात आडवं होतं. तेव्हा दोष वाऱ्याला.

आणि पाच जूनच का? पुण्यात मॉन्सून येतो दहा जूनच्या सुमाराला, जमीन खोलवर भिजायला पुढे आणखी दोनेक आठवडे लागतात. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो, आपल्या पावसाला तोच शहाणपणाचा मुहूर्त आहे. जूनमध्ये खड्डे घ्या ना! पर्यावरण दिनाला हातात कुदळ घेऊन फोटो काढला तरी तो चांगलाच दिसतो. मोठ्या कार्यक्रमांमुळे चार माणसं घराबाहेर पडतात, तेवढं मान्य करते. तेवढंच.

खड्ड्याचं तर विचारूच नका. आपल्या फुटपाथखाली माती नसते, मुरूम, खडी आणि राडारोडा असतो. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा मिळाला तर उत्तम, जागाच नसेल तर निदान दोन फूट. आधी उद्यान विभागाची परवानगी, आणि खालून कुठल्या केबल, कुठली गॅसची लाइन जाते याची विचारणा. सुरुवातीला पहार घालू नका, कुदळीने हलक्या हाताने खणा, इशाऱ्याची पट्टी किंवा पाइप दिसला की काम थांबवा. निघालेला राडारोडा परत आत ढकलायचा नाही. दोन घमेली चांगली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत या हिशेबाने भरा, वर दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. ओलं शेण नको, त्याच्या उष्णतेने कोवळी मुळं भाजतात आणि मुळं खाणारी हुमणी अळीही येते. भरण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून ठेवा. सकाळी पाणी तसंच उभं असेल तर तळ पहारीने फोडा, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजणारच. खोड जिथे मुळांना मिळतं तो भाग जमिनीच्या पातळीला हवा. खोल गाडलं म्हणजे झाड घट्ट बसतं, हा गैरसमज आहे. बुंधा मातीत गाडला गेला की तो कुजतो.

रस्त्यासाठी रोप सहा-आठ फुटांचंच घ्या. गुडघ्याएवढं रोप शेळ्या, गाई आणि पार्किंग यांतून वाचत नाही. विजेच्या तारांखाली ताम्हण, बहावा. रुंद रस्त्याला कडुनिंब, करंज. गुलमोहर दिसतो देखणा, पण फांद्या ठिसूळ, खाली गाड्या उभ्या असतात. वड-पिंपळ मैदानात लावा, कंपाउंडच्या भिंतीला खेटून नाही.

पण खरं सांगू? पिशवी काढली असती तरी ते ताम्हण जगलं नसतं. दिवाळीनंतर त्याला पाणी घालणारं कोणी नव्हतं. पाटीवर नावं भरपूर, त्यात बादली उचलणारं एकही नाही.

म्हणून आधी माणसं मोजा, मग रोपं. एका झाडाला दोन माणसं, एक नेहमीचं आणि एक बदली. पाऊस थांबल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा वीस लिटर, एप्रिल-मेमध्ये तीनदा. दहा झाडं म्हणजे आठवड्याला चारशे लिटर. हे पाणी कुठून येणार, ते खड्डे घेण्याआधी ठरवा. मोठ्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, असेल तर तिथलं पाणी झाडांना चालतं, अध्यक्षांशी आधीच बोला. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यावरून भांडण झालं की पहिला बळी झाडाचाच जातो. आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. पावसाळ्यात आळं एका बाजूने फोडा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाणी कमी केलं तरी उन्हाळ्यात सोडायचं नाही. पाणी घालणाऱ्यांची यादी भरताना मे महिन्यापासून सुरुवात करा, कारण सगळे गावाला जातात तेव्हाच.

आणि त्या जागेसमोर दिवसभर कोण बसतं ते बघा. इस्त्रीवाले काका, टपरीवाली मावशी, वॉचमन. खड्डा घेण्याआधी त्यांना विचारा, ‘इथे झाड चालेल का?’ दुकानाची पाटी झाकली जाणार असेल तर चार फूट सरका, दोन दुकानांच्या मधे घ्या. विचारलं की लोक आपलं मानतात. उरलेलं पाणी आपणहून झाडाला ओततात, गार्डला स्कूटर टेकवणाऱ्याला हटकतात. आमच्या गल्लीत त्या ताम्हणासमोर फुलवाल्या मावशी बसतात. आज त्या एवढंच म्हणाल्या, “मला सांगितलं असतं तर मी घातलं असतं की पाणी.” त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पालिकेकडे माणसं आणि टँकर कमी आहेत, हे खरंय. पण खोडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला टँकर लागत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी हाच आदेश दिला होता. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक अजून बुंध्याला भिडतात. ठेकेदार काम करत असतानाच उभं राहून अडवा, नंतर अर्ज करत बसण्यात अर्थ नाही.

बांबू दोन लावा, मुळांच्या गोळ्याच्या बाहेर, आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. तार नको, ती सालीत रुतते. तिसऱ्या वर्षी खोड जाड झालं की गार्ड काढून पुढच्या झाडाला वापरा. उद्या जे कोणी जाणार आहात, त्यांनी संयोजकांना रोप लावायच्या आधी एवढंच विचारा: पुढच्या मेमध्ये याला पाणी कोण घालणार? नाव सांगता आलं नाही, तर रोप नर्सरीतच राहू द्या.