निळी छत्री

सकाळपासून डोकं भणभणतंय. शाळेच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने व्हिडिओ टाकला. अमेरिकेत कुठल्याशा गर्भपाताच्या क्लिनिकबाहेर पंधरा-वीस माणसं गुडघे टेकून प्रार्थना करतायत. खाली हिचं वाक्य, "बघा, जीवाची किंमत अजून कुणाला तरी आहे." त्यावर पाच जणींचे नमस्कार.

अगं, अशाच माणसांमधून मी चालत गेलेय. लेकीचा हात धरून.

चार वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले होते. तिला तिसरा महिना होता. सोनोग्राफीत बाळाचे ठोकेच लागेनात. पिशवी साफ करून घ्यायची होती, आणि लवकरची तारीख मिळाली ती अशाच एका क्लिनिकमध्ये. जावई गाडी लावायला गेले, आम्ही दोघी फाटकाशी उतरलो. एक बाप्या कर्ण्यातून लहान मुलाचा आवाज काढून ओरडत होता, "आई, मला मारू नको!" जिचं बाळ पोटातच गेलंय, तिला! एक जण मोबाइलवर आमचं शूटिंग करत होता. एका बाईने लेकीच्या हातात काहीतरी कोंबलं. तेवढ्यात सत्तरीची एक बाई पुढे आली, अंगात क्लिनिकच्या स्वयंसेवकांचं जाकीट, आणि पावसाचा थेंब नसताना तिने भलीमोठी निळी छत्री आमच्या तोंडापुढे धरली. दारापर्यंत तशीच चालली.

तेव्हा वाटलं, भली बाई आहे. ती तिथे जीव मुठीत धरून उभी असते हे नंतर वाचल्यावर कळलं.

फ्लोरिडात पेन्साकोला म्हणून गाव आहे. तिथे १९९३ च्या मार्चमध्ये डॉ. डेव्हिड गन यांना क्लिनिकबाहेर पाठीत गोळ्या घातल्या. त्याआधी त्यांचा फोटो आणि फोन नंबर छापून 'वॉन्टेड'ची पत्रकं वाटली गेली होती. पॉल हिल नावाचा एक माजी पाद्री टीव्हीवर जाऊन या खुनाचं समर्थन करत होता. पुढच्याच वर्षी, २९ जुलैला, त्याच गावात तो स्वतः बंदूक घेऊन आला. डॉ. जॉन ब्रिटन बुलेटप्रूफ जाकीट घालायचे, तर याने डोक्यावर नेम धरला. त्यांच्या सोबतीला जेम्स बॅरेट होते, वय ७४, हवाई दलातून निवृत्त, डॉक्टरांना ने-आण करणारे स्वयंसेवक. तेही गेले. त्यांची बायको जखमी झाली.

माझ्या छत्रीवालीच्याच वयाची माणसं ही.

मान्य आहे, गुडघे टेकणाऱ्यांतले बहुतेक जण मुंगीही मारणार नाहीत. मोठ्या संघटनांनी या खुनांचा निषेधही केला. केला असेल! पण रोज उठून देवाच्या नावाने एखाद्याला बाळं मारणारा म्हणायचं, आणि कुणी ते मनावर घेतलं की हात झटकायचे? बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनला १९९४ च्या डिसेंबरात अशा क्लिनिकांच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या दोघींना मारलं. फोन उचलणाऱ्या बायका हो! कॅन्ससमधल्या विचिटा शहराच्या डॉ. जॉर्ज टिलर यांच्या क्लिनिकवर १९८६ मध्ये बॉम्ब टाकला, १९९३ मध्ये त्यांच्या दोन्ही हातांवर गोळ्या झाडल्या, तरी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर. शेवटी ३१ मे २००९ ला त्यांना मारलं कुठे, तर चर्चमध्ये. रविवारची सकाळ, बायको आत गायकवृंदात. आणि मारणारा कोर्टात सांगतो, मी जीव वाचवत होतो.

किंमत म्हणे जीवाची.

हो, आपल्याकडे पोटातल्या मुली पाडल्या गेल्या, त्याची लाज मलाही वाटते. पण तो गुन्हा वेगळा, त्याचा कायदा वेगळा. १९७१ च्या कायद्याने आपल्याकडे बाईला हा मार्ग काही अटींवर मोकळा आहे. आपल्या पिढीतल्या कितीजणी गेल्या. खाली मान घालून गेल्या असतील, पण फाटकावर कर्णा घेऊन कुणी उभं नव्हतं. एकीच्या सोबत मीच गेले होते. दोन पोरं पदरात, नवऱ्याची नोकरी गेलेली. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती बिचारी.

आजच्या त्या पाच नमस्कारांत एक तिचा आहे.

नाव घेणार नाही, आणि तिच्यावर राग तर मुळीच नाही. सवयीने हात जोडले असतील. पण बाई गं, त्या दिवशी तुझ्यापुढे कुणी मोबाइल धरला असता तर?

आत गेल्यावर लेक तासभर मूठ मिटून बसली होती. मी उघडली, तर बोटाएवढं गुलाबी रबरी बाळ. ना फेकवे, ना ठेववे. परतताना छत्रीवाली तिथेच उभी होती. लेकीने तळहात तिच्यापुढे धरला. तिने काही न बोलता ते उचललं आणि जाकिटाच्या खिशात टाकलं. खिसा आधीच फुगलेला होता.